दोन आकडी बाई

गुरुवारी सकाळी सहा वाजता न्हाणीघरातल्या वजनकाट्याने तरुलताला एकशे एक पूर्णांक दोन असा आकडा दाखवला. ती खाली उतरली, काटा उचलून शेजारच्या फरशीवर ठेवला आणि पुन्हा चढली. एकशे एक पूर्णांक दोन. मग तिने तो मोरीच्या उताराकडे सरकवला, तर तिथे तो पूर्णांक चार म्हणायला लागला. तेव्हा तिने तो घाईघाईने पहिल्या जागी आणला, केसांतल्या पिना काढल्या, चष्मा काढला, छातीतला सगळा श्वास सोडून दिला आणि चढली. हवेला वजन असतं हे गेली एकोणतीस वर्षं ती सातवीच्या मुलींना शिकवत होती, त्याचा आज थोडा उपयोग व्हायला हरकत नव्हती. पण चष्म्याशिवाय आकडा दिसेना, आणि वाकून पाहावं तर काटा हलायचा. शेवटी तिने चष्मा घातला आणि त्याचे वीस ग्रॅम मनातल्या मनात वजा केले. त्याने फारसं काही साधलं नाही. रविवारी हाच काटा शंभर पूर्णांक तीन होता. चार दिवसांत नऊशे ग्रॅम! सुरतेत जन्मलेल्या बाईला नऊशे ग्रॅम म्हणजे काय हे शाळेत शिकवावं लागत नाही. किलोला थोडी कमी घारी, माव्याची मिठाई, तुपात पोहणारी, वरून तुपाचाच गिलावा केलेली. पण घारी तर तिने यंदा नुसती लांबून पाहिली होती. या चार दिवसांत तिच्या पोटात गेलं होतं ते मुगाचं ओसामण, म्हणजे नुसतं डाळीचं पाणी, ताक आणि डब्यातली प्रथिनांची पावडर, तीही वाटीवाटीने, दर घोटामागे घड्याळ पाहत. त्याहून जास्त मावतच नव्हतं. तिचं पोट आता केळ्याएवढं उरलं होतं. डॉक्टर वखारियांनी ते कापण्याच्या आदल्या दिवशी बोटांनी करून दाखवलं होतं, तेव्हा तिने विचारलं होतं, "केळं कुठलं, डॉक्टर? वेलची की मोठं?" डॉक्टर खूप हसले. तिने विनोद केलेला नव्हता. नकाशाखाली प्रमाण लिहिलेलं असलं की तिला बरं वाटायचं, एवढंच.

येत्या सोमवारी शंभरच्या खाली जायचं होतं. हे डॉक्टर वखारियांचं म्हणणं नव्हतं, त्यांना घाई नव्हती. ते डॉक्टर फ्रेनी बिलिमोरियांचं म्हणणं होतं, आणि फ्रेनीबाईंच्या म्हणण्याला मागे एक गोष्ट होती. गेल्या आषाढात, पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर, तरुलताच्या परकराला डाग दिसला होता. तिने तो धुतला. दुसरा दिसला, तोही धुतला. तिसऱ्याला तिच्या नवऱ्याने, धनसुखने, तिला रिक्षात घातलं, म्हणजे तो तिच्यासाठी एक रिक्षा थांबवून स्वतः दुसरीत बसला, कारण एकशे सदतीस किलोंच्या शेजारी रिक्षात जागा उरत नसे. गर्भाशयाच्या अस्तरात कॅन्सर निघाला. फ्रेनीबाई सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज बाजारातला. "डिकरी, रडू नकोस," त्या म्हणाल्या, "आळशी जातीचा आहे. माझ्या नवऱ्यासारखा. पडून राहील. पिशवी काढून टाकली की खेळ खलास." पण पिशवी काढायची तर टेबल डोक्याकडून खाली कलवायचं, आणि मग त्या सगळ्या पोटाचा भार फुप्फुसांवर येणार. भूल देणारे डॉक्टर येऊन तिला पाहून गेले. तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या कपाटाकडे हमाल पाहतो तसे, आधी समोरून, मग बाजूने. ते बाहेर गेल्यावर फ्रेनीबाई म्हणाल्या, "तो म्हणतो, मला दोन आकडी बाई आणून दे. तीन आकडी झोपवीन, पण उठवायची हमी नाही." म्हणून आधी पोट कापून वजन उतरवायचं आणि तोवर गोळ्या देऊन रोगाला झोपवून ठेवायचं, असं ठरलं. त्या गोळ्यांनी रोग झोपला; भूक मात्र जागी झाली. वखारियांनी भुकेचं घर कापून टाकलं होतं, आणि फ्रेनीबाईंच्या गोळ्या रोज दोनदा त्या पाडलेल्या घराच्या दारावर थाप मारत होत्या. सहा महिने असे गेले. मागच्या तपासणीत फ्रेनीबाई पहिल्यांदा हसल्या नाहीत. "झोपलाय," त्या म्हणाल्या, "पण कूस बदलतोय." सोमवारी काट्यावर दोन आकडे दिसले तर गुरुवारी ऑपरेशन. नाहीतर भूलवाले डॉक्टर मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर कॅनडाला चालले होते, आणि तिला उठवून दाखवीन असं म्हणणारा दुसरा कोणी फ्रेनीबाईंच्या यादीत नव्हता.

तरुलता न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा धनसुख गॅलरीत पाठ करून उभा होता आणि त्याचे कान हलत होते. जानेवारी होता. जानेवारीत सुरतेतल्या माणसाचे कान हलत असले तर तो पोंक खातो आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्वारीचे कोवळे भाजलेले दाणे, वर लिंबू-मिरीची शेव. "अहो," ती म्हणाली. कान थांबले. "खा, खा. मला वासही येत नाही." हे खोटं होतं. तिला तो वास जिन्यावरून, रस्त्यावरून, परवा तर शाळेत फळ्यावर तापी नदी काढताना आला होता. "किती?" धनसुखने गिळून विचारलं. गेले सहा महिने हे नवराबायको एकमेकांना सकाळी एवढंच विचारत आणि सांगत. "एकशे एक दोन." "बघू," तो म्हणाला. लग्न ठरवायला आला होता तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता. त्या वेळी तरुलता ब्याऐंशी किलो होती. आणि ही वेलीचं नाव लावते, असं कोणी मनात म्हणण्याआधी तिचे बापूजी स्वतःच पाहुण्यांना म्हणाले होते, "नाव तरुलता आहे, पण वेल आमच्याकडे भोपळ्याची असते." सगळे हसले. ती सर्वांत मोठ्याने हसली. जाड मुलीला एक कला फार लवकर येते, ती म्हणजे दुसऱ्याने हसण्याआधी अर्धा क्षण हसायला लागणं. पुढे शाळेत, जिन्यात, बसच्या दारात, वखारियांच्या दवाखान्यात तिला ती कला उपयोगी पडली. फक्त त्या डागाच्या वेळी पडली नाही. तेव्हा ती हसायला तोंड उघडून उभी राहिली, आणि समोर हसणारं कोणी नव्हतं.

तिला खरा त्रास नऊशे ग्रॅमचा नव्हता. खरा त्रास असा होता, की गेल्या सहा महिन्यांत उतरलेल्या जवळजवळ छत्तीस किलोंवर दोघांनी हक्क सांगितला होता. वखारिया म्हणायचे, हे माझं काम. पण आत, पिशवीच्या अस्तरात, तो दुसराही होता, आणि माणूस वाळवायची ख्याती तर त्याचीच जुनी. रोज सकाळी दोनशे ग्रॅम कमी दिसले की तिला क्षणभर आनंद व्हायचा आणि लगेच वाटायचं, हे कोणाचे? वजन उतरलं की वाटे रोग खातोय. चढलं की वाटे ऑपरेशन गेलं. काटा स्थिर राहिला तर आहारवाली मुलगी फोनवर म्हणायची, "काकी, पठार आलंय, पठार," आणि तरुलताला पठारांची माहिती होती: पठार म्हणजे जिथे झीज थांबलेली दिसते पण थांबलेली नसते. न्हाणीघरात ती स्वतःकडे पाहायची तेव्हा दंडाखाली, पोटाखाली रिकामी कातडी लोंबत असायची, नदी पात्र बदलून गेल्यावर मागे राहिलेल्या गाळासारखी. इथे एक बाई राहत होती. कुठे गेली? तिला त्या बाईवाचून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती. लोकांना तर एवढंच सांगितलं होतं की वजनाचं ऑपरेशन केलंय. त्या दुसऱ्याचं नाव घरात कोणी उच्चारत नव्हतं. सासूबाईंपासून, म्हणजे जडावबांपासून, तर ते सात कुलपांत ठेवलं होतं; बा एक्क्याऐंशीच्या, छत्तीस किलोंच्या, फुंकर मारली तर ओट्यापर्यंत जातील अशा. "बाला कळलं तर बा जाईल," धनसुख म्हणाला होता, आणि त्या वेळी तो 'बघू' म्हणाला नव्हता.

त्यामुळे शिक्षककक्षात तिचा रोज सत्कार व्हायचा. "तरुबेन, आता थांबा हं! नाहीतर पतंगाबरोबर तुम्हालाही कापेल कोणी," असं ड्रॉइंगचे ठाकोरभाई म्हणायचे. संस्कृतच्या मृदुलाबेन डबा उघडून समोर बसायच्या. त्यांच्या डब्यात नेमके थेपले आणि छुंदा. "नशीब बाई तुझं," त्या थेपला मोडत म्हणायच्या. "ना व्यायाम, ना उपास. टेबलावर झोपायचं आणि बारीक होऊन उठायचं. मी बावीस एकादश्या केल्या, पाव किलो उतरलं नाही."

"एकादशीला तुम्ही साबुदाणा खाता, मृदुलाबेन."

"मग काय उपाशी राहू? त्या डॉक्टरचा नंबर दे. माझे बारा किलो तर उतरवेल? सुटे घेतो ना तो?"

तरुलता हसली, अर्धा क्षण आधी. तिला वाटलं, सांगून टाकावं. या थेपल्यांवर तो शब्द ठेवून द्यावा आणि बघावं काय होतं. मृदुलाबेन रडतील, मग मिठी मारतील, मग संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेला कळेल आणि उद्यापासून खबर काढायला माणसं घरी येतील, त्यांना चहा-नाश्ता करावा लागेल, आणि बा विचारतील, हे सगळे कशाला आले? त्यापेक्षा नशीबवान असणं सोपं. "देते नंबर," ती म्हणाली आणि पावडरचा पेला तोंडाला लावला. ही पावडर आधी चुन्यासारखी लागायची. अलीकडे, या आठवड्यात विशेष, ती आवडायला लागली होती. खमंग लागायची. याचं श्रेय तरुलताने स्वतःच्या मनोनिग्रहाला दिलं होतं. माणसाने ठरवलं तर जिभेलाही वळण लावता येतं, असं तिने आठवीच्या वर्गात मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगूनही टाकलं होतं.

शुक्रवारी शाळेचे एक विश्वस्त वारले. दोन मिनिटं शांतता आणि चार तास सुटी मिळाली. तरुलता बारा वाजता घरी आली. पूर्वी ती जिना चढायला लागली की पहिल्या मजल्यापासून तिचा श्वास ऐकू यायचा, आणि वरची माणसं दार उघडून ठेवायची, पाण्याचा लोटा भरायची, जे काही लपवायचं ते लपवायची. आता ती दोन मजले न थांबता चढे. तीस वर्षांत ती प्रथमच स्वतःच्या घरात न ऐकू येता शिरली. स्वयंपाकघरात जडावबा पाटावर उभ्या होत्या. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पावडरचा मोठा डबा आडवा, ज्याच्यावर दंड फुगवलेल्या उघड्या माणसाचं चित्र होतं. बांच्या हातात पितळी डबा, आणि त्यातलं तपकिरी काहीतरी त्या ओंजळीने दंडवाल्या माणसाच्या पोटात भरत होत्या.

"बा."

बा दचकल्या नाहीत. "आलीस? पाय वाजले नाहीत तुझे."

"काय करताय?"

"डबा पुसते."

"आतून?"

बांनी ओंजळ झटकली. "थोडं काटलं घातलंय. बत्तीस औषधी वसाणी आहेत, सुंठ आहे, डिंकाचा गुंद आहे, तुपात भाजलंय. बाळंतिणीला देतात."

"मी छप्पन्न वर्षांची आहे, बा."

"बाळंतिणीपेक्षा जास्त कापलंय तुला."

"आणि ओसामणात? त्यात काय घालता?"

"ओसामणात काही नाही. तूप ढवळलं की दिसतसुद्धा नाही," बा म्हणाल्या, मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कमरेची डबी काढून चिमूटभर तपकीर दातांना लावली. संकटात त्या नेहमी तेच करत.

तरुलताला आधी आठवला तो मनोनिग्रह. मग मूल्यशिक्षणाचा तास. आणि मग पोटातून, त्या केळ्यातून, एवढा मोठा आवाज आला की तिलाच नवल वाटलं, कारण तिथे आता एवढ्या आवाजाला जागा नव्हती. "सोमवारी मला शंभरच्या खाली जायचंय! मी पाच-पाच मिनिटांनी घोट घेते, काट्यावर चष्मा काढून चढते, आणि तुम्ही मला तूप पाजता? शंभरच्या खाली नाही गेले तर ऑपरेशन होणार नाही माझं!"

"कसलं ऑपरेशन? झालं ना पोटाचं."

ओट्यावरच्या वर्तमानपत्रावर काटल्याची बारीक पूड सांडली होती. ती तरुलताने बोटाने एका जागी गोळा केली. बोट तोंडात जाऊ नये म्हणून ते पदराला पुसलं.

"कॅन्सरचं ना?" बा म्हणाल्या. "पिशवीचं."

तो शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि तोही ज्यांच्यापासून लपवला होता त्यांच्या तोंडून, तपकिरीच्या वासासकट. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? धनसुख जन्मात कधी देवापुढे उभा राहिला नाही. आषाढापासून रोज उभा राहतो, पाच-पाच मिनिटं. मला वाटलं कंबर धरलीय त्याची. आणि चरबी उतरवायला कोणी बाई फ्रेनीकडे जाते होय? माझ्या नणंदेला तिनेच कापलं होतं. पण म्हटलं, तुम्ही लपवताय, तर लपवा. पोरांना तेवढंच समाधान."

"मग माहीत असून तूप?"

"माहीत होतं म्हणूनच तूप." बा पाटावरून खाली उतरल्या, उतरल्यावर त्या तरुलताच्या कोपरापर्यंत आल्या. "तुझे सासरे अठ्ठ्याहत्तर किलो होते. उतरत उतरत एक्केचाळीस झाले. डॉक्टर म्हणायचा, औषध लागू पडतंय. मी उचलून कुशीवर वळवायचे त्यांना, एका हाताने. या घरात जो हलका झाला तो थांबला नाही. तू रोज त्या काट्यावर चढतेस आणि उतरलं उतरलं म्हणून खूश होतेस. मी इकडे देव पाण्यात घालून बसते. म्हटलं, निदान जाईल त्याच्या निम्मं तरी भरत राहावं." मग आवाज खाली आणून, "आणि माताजीचंही आहे."

"माताजीचं काय?"

"पोट कापलं त्या दिवशी नवसाची मानता बोलले. खाडीवाळी मा, माझ्या वहूला सांभाळ, तिच्या भारोभार गूळ तोलीन. आता ती वहू एकशे सदतीसची होती. देवीने तीच ऐकली. तू शंभराची होऊन पारड्यात बसलीस तर ती म्हणेल, जडाव, माप मारतेस?"

तरुलता पाटावर बसली. खूप वर्षांनी ती पाटावर बसू शकली होती, हे तिच्या नंतर ध्यानात आलं. तिच्या अंगातून उतरलेल्या त्या किलोंवर दोघांचा दावा आहे असं ती समजत होती. आता तिसरी दावेदार निघाली, आणि तीच एक होती जिला ते परत हवे होते. तिला हसू येत होतं आणि ते अर्धा क्षण आधी आलेलं नव्हतं. "बा," ती म्हणाली, "फ्रेनीबाई म्हणतात, मी शंभरच्या आत आले तरच ते काढता येईल. मी हलकी झाले तर थांबेन. जड राहिले तर नाही."

बांनी पितळी डब्याचं झाकण लावलं. "उलटंच आहे मग," त्या म्हणाल्या.

"उलटंच आहे."

"मेली काय विद्या! आधी सांगायचं नाही का?" आणि त्यांनी दंडवाल्या माणसाचा डबा उचलून अख्खा मोलकरणीला देऊन टाकला. तिचा नवरा पुढे महिनाभर फार उत्साहात होता असं ऐकलं.

पुढचे तीन दिवस घरात जडावबांचं राज्य आलं. सहा महिने ज्या बाईने चोरून भरलं, ती आता चोरी पकडायला बसली. ओसामण त्या स्वतः गाळत, मग त्यावर कागद ठेवून बघत, तेलकट डाग उमटतो का. धनसुखला गॅलरीत पोंकाची पुडी उघडताना धरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नख्खोद्या, बायको पाण्यावर आहे आणि तू शेव चावतोस? खाली जा. रस्त्याच्या पलीकडे जा. वाऱ्याची दिशा बघून खा." तो खरंच पलीकडे जाऊन, वीजमंडळाच्या डीपीच्या आडोशाला उभा राहून खाऊन आला, आणि येऊन देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. तरुलताला वाटलं होतं, बांना कळलं की घर कोसळेल. घर उलट थोडं रुंद झालं. रविवारी दुपारी बा तिच्या शेजारी आडव्या झाल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "दुखतं का गं?" हे तिला सहा महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. सगळे 'किती' विचारत. "दुखत नाही," ती म्हणाली. "नुसतं आहे असं वाटतं." "हो," बा म्हणाल्या, "तेच वाईट." आणि लगेच घोरायला लागल्या.

सोमवारी दवाखान्यात बा बरोबर आल्या. तरुलताने काट्यावर चढण्याआधी स्वेटर काढला, घड्याळ काढलं, बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं, रुमाल, सगळं बांच्या ओच्यात जमा झालं. बांनी कवळीचा विषय काढला, पण तरुलताचे दात स्वतःचे होते. काटा शंभर पूर्णांक एक म्हणाला. नर्सने पेन उचललं. "लिहू नकोस!" बा अशा ओरडल्या की पलीकडच्या खोलीतून फ्रेनीबाई बाहेर आल्या. "लघवीला जाऊन आलीस का, डिकरी?" त्यांनी विचारलं. तरुलता गेली. तिथे बसून तिने, छप्पन्न वर्षांच्या, भूगोलात एम.ए. झालेल्या बाईने, तापी, नर्मदा, मही, साबरमती अशा सगळ्या नद्या मुखापर्यंत आठवल्या. परत आली तेव्हा नव्व्याण्णव पूर्णांक आठ. "दोन आकडी!" फ्रेनीबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "दोनशे ग्रॅमने का होईना, पास. गुरुवारी सकाळी. बुधवारी संध्याकाळी दाखल हो." बांनी तिथेच फ्रेनीबाईंवरून हात ओवाळून, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली. तरुलता दागिने परत अंगावर चढवायला लागली. इतके दिवस तिला शंभरच्या पलीकडची भीती होती; ती होती तोवर गुरुवारची भीती रांगेत मागे उभी होती. आता तिचा नंबर आला.

बुधवारी सकाळी ते खाडीकाठच्या गावी गेले. "मानता काम झाल्यावर फेडतात, बा," धनसुख गाडीत तीनदा म्हणाला. बांनी तीनदा ऐकलं नाही, चौथ्यांदा म्हणाल्या, "आधी दिलं की देवाला भीड पडते. आणि नंतर काय, परत आणखी काही कापून कमी करून आणतील. मी किती वेळा हिशेब जुळवत बसू?" देवीच्या अंगणात लाकडी आडव्याला साखळ्यांनी टांगलेली दोन पारडी होती, दारं म्हणून बसवता येतील एवढी. पुजारी भूपतगर पोटावर हात ठेवून आले. गुळाच्या ढेपी रचल्या होत्या. "किती किलोची मानता?" त्यांनी विचारलं.

"एकशे सदतीस."

भूपतगरांनी तरुलताकडे पाहिलं. गावचा माणूस, त्याची नजरच अर्ध्या किलोपर्यंत बरोबर. "बेन तेवढ्या नाहीत."

"होती. डॉक्टरने उतरवली."

"मग आज आहेत तेवढ्याच गुळाने होईल, माजी. माताजी आजचं बघते."

"माताजीने कबूल कालचं केलंय."

धनसुख पुढे झाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तोडगा सुचवला. "आपण एकशे सदतीस किलो गूळ तसाच अर्पण करू. तोलायला कशाला हवं?"

"तोलल्याशिवाय गूळ म्हणजे किराणा," बा म्हणाल्या. भूपतगरांनी मान डोलावली. धर्म त्यांना पटला. तरुलता पारड्यात जाऊन बसली होती आणि साखळी धरून स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होती. एकशे सदतीस वजा नव्व्याण्णव पूर्णांक आठ. सदतीस पूर्णांक दोन. एवढी एक अख्खी बाई त्या पारड्यात बसायला हवी होती आणि नव्हती. उद्या आणखी थोडी नसेल. पिशवीचं वजन किती असतं, हे तिने फ्रेनीबाईंना विचारलं नव्हतं. मुलं झाली नाहीत, तिला त्या पिशवीने कधी काही दिलं नव्हतं, शेवटी दिलं ते हे. तरी उद्या ती नसणार म्हटल्यावर तिला तिच्यासाठी वाईट वाटलं, जन्मभर भांडलेल्या शेजारणीसाठी वाटतं तसं.

पारडं डुगडुगलं. तिने वर पाहिलं तर बा साखळी धरून चढत होत्या. "सरक," त्या म्हणाल्या.

"बा, काय करताय?"

"भर घालते. छत्तीस मी आहे. वरचं एखाद किलो माझ्या साडीचं, डबीचं धर. घाला हो महाराज, गूळ घाला!"

भूपतगर म्हणाले, असं आजवर कोणी केलं नाही. बा म्हणाल्या, आजवर कोणाच्या वहूचं पोट कापलं होतं? धनसुख ढेपी उचलून पलीकडे ठेवायला लागला. बांनी पाय मुडपून घेतले. त्यांचं हाडाचं कोपर तरुलताच्या बरगडीत रुतत होतं. ढेपीमागून ढेप गेली. मग पारडं एकदम हललं आणि जमीन सुटली. फार नाही, वीतभर. तरुलताने श्वास धरला, सवयीने, हवेचं वजन सोडायचं की धरायचं ते न कळून. सहा महिने तिला स्वतःचा आकडा शंभर ग्रॅमपर्यंत ठाऊक होता. आता तो कोणाला सांगता आला नसता. बांच्या कमरेशी तिचा हात होता आणि त्यातलं कोणाचं किती हे साखळीलाही माहीत नव्हतं.

"बा, मला उद्याची भीती वाटते."

"वाटू दे. मलाही वाटते. हलू नकोस, तोल जाईल."

पारडी समोरासमोर आली. भूपतगरांनी घंटा वाजवली, कुंकू लावलं आणि उतरायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मात्र एकेकीने, जपून. जड बेन आधी उतरल्या तर माजी फेकल्या जातील. "म्हणजे मी आधी," बा ताबडतोब म्हणाल्या. "वयानेही मीच आधी आहे. माताजी, ऐकलंस ना? ओळीने. मधे घुसायचं नाही कोणी." आणि त्यांनी देवळाच्या दाराकडे बोट रोखलं, रेशनच्या रांगेत रोखावं तसं.

तरुलता हसली तशी पारडं डोलायला लागलं. खालून धनसुख, गुळाने चिकट झालेले हात अंगापासून लांब धरून, म्हणाला, "उतरता ना, बा? हात देऊ?"

"थांब रे जरा," बा म्हणाल्या आणि तरुलताच्या दंडाच्या मोकळ्या कातडीवर डोकं टेकून डोळे मिटले. "घाई काय आहे? संध्याकाळपर्यंत पोचायचंय ना दवाखान्यात? बसू दे आम्हाला थोडं."